दंतोपचारांतील शामन आणि चिरकारी तंत्रिका विकार

दातांवर उपचार करताना रुग्णाची भीती, अस्वस्थता व अनैच्छिक हालचाली कमी करण्यासाठी औषधांच्या साहाय्याने त्याच्या मेंदूची क्रियाशीलता मर्यादित प्रमाणात मंद करणे, यास दंतोपचारांतील शामन म्हणतात. शामन व संवेदनाहरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. शामनाने रुग्ण शांत होतो. परंतु दाताची वेदना बहुधा नाहीशी होत नाही. ती नाहीशी करण्यासाठी हिरडीत किंवा जबड्याच्या तंत्रिकेजवळ स्थानिक संवेदनाहारक औषध टोचावेच लागते. शामनामुळे ते टोचणे व त्यानंतरचे उपचार रुग्णाला सुसह्य होतात.

निरोगी प्रौढ व्यक्तीत तज्ञाच्या देखरेखीखाली केलेले शामन सामान्यतः सुरक्षित असते. अपस्मार, कंपवात, सेरेब्रल पाल्सी, मल्टिपल स्क्लेरोसिस, मायस्थेनिया ग्रेव्हिस, स्नायूंचे आनुवंशिक अपक्षय, पक्षाघाताचे परिणाम किंवा स्मृतिभ्रंश यांसारखे चिरकारी (दीर्घकाळ टिकणारे) विकार असलेल्या व्यक्तींत मात्र परिस्थिती वेगळी असते. या रुग्णांना शामनाची गरज इतरांपेक्षा अधिक भासते आणि त्यांच्या बाबतीत शामनाचा धोकाही अधिक असतो. हाताच्या कंपामुळे किंवा ताठरपणामुळे दात नीट घासता येत नाहीत, काही औषधांनी तोंड कोरडे पडते, काहींनी हिरड्या वाढतात. त्यामुळे दंतक्षय व हिरड्यांचे रोग बळावतात. उपचाराच्या वेळी मान स्थिर ठेवणे, तोंड उघडे ठेवणे किंवा सूचना समजून घेणे त्यांतील अनेकांना अवघड जाते. उलटपक्षी गिळणे, खोकणे व श्वास घेणे या क्रियांची राखीव क्षमता रोगामुळे आधीच घटलेली असते आणि शामक औषध नेमक्या याच क्रिया मंद करते. म्हणून या रुग्णांतील शामनाची सुरक्षितता औषधाच्या निवडीपेक्षाही, रुग्णाच्या राखीव क्षमतेचा आधी घेतलेला अंदाज आणि त्याच्या नेहमीच्या औषधांत पडू न दिलेला खंड यांवर अधिक अवलंबून असते.

इतिहास : शुद्धिहरणाचा इतिहास व दंतवैद्यक यांचा संबंध आरंभापासूनचा आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे १० डिसेंबर १८४४ रोजी गार्डनर कोल्टन यांनी केलेला नायट्रस ऑक्साइड वायूचा जाहीर प्रयोग हॉरेस वेल्स या दंतवैद्यांनी पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी तो वायू हुंगून स्वतःचा दात जॉन रिग्ज यांच्याकडून काढून घेतला. वेल्स यांचे सहकारी राहिलेले विल्यम मॉर्टन, हेही दंतवैद्यच, यांनी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे ईथराचा यशस्वी प्रयोग करून दाखविला. कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनाचा स्थानिक संवेदनाहारक म्हणून उपयोग दाखवून दिला व १९४३ मध्ये स्वीडनमधील नील्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन (लिडोकेन) तयार केले. परिणामी बहुतेक दंतोपचारांसाठी रुग्णास बेशुद्ध करण्याची गरज उरली नाही. डायझेपाम १९६३ मध्ये आणि पाण्यात विरघळणारे मिडाझोलाम १९८० नंतरच्या दशकात वापरात आले. त्यामुळे जागेपणीच्या शामनास चालना मिळाली.

या प्रगतीबरोबर काही कटू अनुभवही आले. खुर्चीत ताठ बसवून वायूने बेशुद्ध केलेल्या रुग्णास मूर्च्छा आल्यास मेंदूचा रक्तपुरवठा तुटून कायमची इजा होऊ शकते, याकडे ब्रिटनमधील जे. जी. बोर्न यांनी १९५७ मध्ये लक्ष वेधले. त्यानंतर रुग्णास आडवे निजवून उपचार करण्याची पद्धत रूढ होत गेली. ब्रिटनमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या शासकीय अहवालानंतर दातांसाठी संपूर्ण शुद्धिहरण केवळ रुग्णालयातच करावे, असे ठरून २००१ अखेर ते अमलात आले.

शामनाच्या पायऱ्या : अमेरिकन सोसायटी ऑफ अनेस्थेसिऑलॉजिस्ट्स या संस्थेने १९९९ मध्ये शामनाच्या पायऱ्यांच्या व्याख्या निश्चित केल्या. अल्प शामनात रुग्ण बोलण्यास नेहमीसारखा प्रतिसाद देतो. मध्यम शामनात तो गुंगीत असतो. परंतु हाक मारल्यास किंवा हलकेच स्पर्श केल्यास हेतुपूर्वक प्रतिसाद देतो आणि श्वसनमार्ग स्वतःच मोकळा ठेवू शकतो. खोल शामनात केवळ वारंवार किंवा वेदनाकारक उद्दीपनानेच प्रतिसाद मिळतो व श्वसनास मदत लागू शकते. त्यापुढील पायरी संपूर्ण शुद्धिहरणाची असते. या पायऱ्यांमध्ये भिंती नसतात. त्या एका सलग उताराचे टप्पे आहेत. एका रुग्णात अल्प शामन घडविणारी मात्रा दुसऱ्यास खोल शामनात नेऊ शकते. म्हणून शामन करणारी व्यक्ती, ठरविलेल्या पायरीच्या पुढे गेलेल्या रुग्णास सावरण्यास समर्थ असली पाहिजे, असा नियम आहे. तंत्रिका विकारांच्या रुग्णांत या नियमाचे महत्त्व विशेष असते. बोलणे अस्पष्ट असलेल्या, चेहऱ्यावर भाव न उमटणाऱ्या किंवा आकलन मंद असलेल्या रुग्णाचा मूळ प्रतिसादच वेगळा असतो. तो आधी नोंदवून ठेवला नसेल, तर शामन किती खोल गेले आहे हे नंतर ओळखता येत नाही.

दंतोपचारांची आणखी एक अडचण अशी की, शस्त्रक्रियेची जागा व श्वसनाचा मार्ग एकच असतो. फिरत्या हत्यारावरील पाण्याचा फवारा, रक्त, लाळ, दाताचे तुकडे व भरणद्रव्य हे सर्व घशाच्या तोंडाशी जमा होते. निरोगी माणूस ते गिळतो किंवा खोकून बाहेर टाकतो. ज्याचे गिळणे बिघडलेले आहे व खोकला क्षीण आहे अशा रुग्णात हे पदार्थ श्वासनलिकेत उतरून फुप्फुसशोथ होऊ शकतो. म्हणून प्रबळ चूषण नळी, शक्य तेथे दाताभोवती रबरी पडदा आणि पूर्ण आडव्याऐवजी अर्धवट कललेली बैठक यांचा अवलंब करतात.

प्रमुख औषधे : (१) नायट्रस ऑक्साइड : हा वायू ऑक्सिजनात मिसळून नाकावरील मुखवट्यातून देतात. तो त्वरित परिणाम करतो व देणे थांबविताच काही मिनिटांत शरीराबाहेर पडतो. त्यामुळे मात्रा क्षणोक्षणी कमीजास्त करता येते. आधुनिक यंत्रांत मिश्रणातील ऑक्सिजनाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांखाली जाऊ नये, अशी योजना असते व शेवटी काही मिनिटे शुद्ध ऑक्सिजन देतात. श्वसनाचे स्नायू दुबळे असलेल्या अनेक रुग्णांत हीच पद्धत प्रथम विचारात घेतात. तिची एक मर्यादा मात्र तंत्रिका तंत्राशी थेट निगडित आहे. हा वायू ब१२ जीवनसत्त्वातील कोबाल्टाचे ऑक्सिडीकरण करून ते निष्क्रिय करतो. या जीवनसत्त्वाअभावी तंत्रिकांभोवतीचे मायेलिन आवरण नीट राहत नाही. १९७८ मध्ये आर. बी. लेझर यांनी या वायूच्या दीर्घ संपर्काने मेरुरज्जू व तंत्रिकांना इजा झालेल्या १५ व्यक्तींची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील १४ व्यक्ती दंतवैद्य होत्या. एखाद्या वेळच्या अल्पकालीन वापराने निरोगी माणसास असा अपाय होत नाही. परंतु शरीरात ब१२ ची उणीव आधीच असल्यास थोडा संपर्कही घातक ठरू शकतो. हे जीवनसत्त्व मुख्यत्वे प्राणिज अन्नातून मिळत असल्याने शाकाहारी समाजांत त्याची उणीव बरीच आढळते. पुणे परिसरातील ग्रामीण व शहरी पुरुषांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत त्याची रक्तातील पातळी कमी आढळली होती. म्हणून हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे अशी लक्षणे असलेल्या रुग्णात हा वायू देण्यापूर्वी ब१२ ची तपासणी करणे श्रेयस्कर असते.

(२) बेंझोडायाझेपीन गटातील औषधे : यांपैकी मिडाझोलाम हे अधिक वापरले जाते. ते तोंडाने, नाकातून किंवा नीलेतून देतात. नीलेतून देताना ठराविक मात्रा एकदम न देता अत्यल्प प्रमाणात, मध्ये थांबून व परिणाम पाहत देतात. वृद्ध व दुर्बल रुग्णांत मात्रा बरीच कमी लागते. हे औषध अनैच्छिक हालचाली व झटके यांना आवर घालते. पण श्वसन केंद्र मंद करते, स्नायू शिथिल करते आणि घशातील संरक्षक प्रतिक्षेप कमी करते. फ्लुमाझेनिल हे त्यावरील उतार-औषध आहे. त्याचा परिणाम मिडाझोलामाच्या आधी ओसरतो, त्यामुळे जागा झालेला रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. शिवाय अपस्मारासाठी दीर्घकाळ बेंझोडायाझेपीन घेणाऱ्या रुग्णात फ्लुमाझेनिलाने झटके येऊ शकतात. तेव्हा उतारा जवळ आहे एवढ्यावर विसंबून मात्रा वाढविणे या रुग्णांत विशेष धोक्याचे ठरते.

(३) इतर औषधे : प्रोपोफॉल व डेक्समेडेटोमिडीन ही नीलेतून द्यावयाची औषधे शुद्धिहरणतज्ञाच्या हाती व सुसज्ज ठिकाणीच वापरावीत. अफूजन्य वेदनाशामके बेंझोडायाझेपिनांबरोबर दिल्यास श्वसनावरील दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिळून वाढतो.

विशिष्ट विकारांतील दक्षता : अपस्मार : झोप न होणे, उपासामुळे किंवा विसरण्याने औषधाची मात्रा चुकणे व मानसिक ताण ही झटका येण्याची नेहमीची कारणे होत. उपाशीपोटी यावयाचे असले, तरी सकाळचे अपस्माररोधी औषध पाण्याच्या घोटाबरोबर घ्यावे. फेनिटॉइन, कार्बामाझेपीन व फिनोबार्बिटल ही औषधे यकृतातील एंझाइमे चेतवितात. त्यामुळे तोंडाने दिलेल्या मिडाझोलामाचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी होतो. तो कमी वाटला म्हणून मात्रा पुन्हा देण्याची घाई करू नये. कारण फिनोबार्बिटल स्वतः शामक असल्याने दोहोंचा श्वसनावरील परिणाम एकत्र येतो. याउलट दाताच्या पुवासाठी दिले जाणारे एरिथ्रोमायसीन कार्बामाझेपीन व मिडाझोलाम या दोहोंची रक्तातील पातळी वाढविते. व्हॅल्प्रोएटामुळे रक्तातील बिंबाणू कमी होऊन दात काढल्यावर रक्तस्राव लांबू शकतो. फेनिटॉइनाने हिरड्यांची अतिवृद्धी होते. दातदुखीसाठी दिलेले ट्रॅमाडॉल झटक्यास कारणीभूत होऊ शकते.

कंपवात : लेव्होडोपाचा परिणाम अल्पकाळ टिकतो. त्याची वेळ चुकल्यास काही तासांतच ताठरपणा वाढून गिळणे व श्वसन यांवर परिणाम होतो. म्हणून उपचाराची वेळ औषध घेतल्यानंतरच्या तास-दीड तासाच्या सुमारास, त्याचा परिणाम चांगला असताना ठेवतात. मळमळीवर दिली जाणारी मेटोक्लोप्रामाइड व प्रोक्लोरपेराझीन, तसेच हॅलोपेरिडॉल ही औषधे मेंदूतील डोपामिनाचे कार्य रोखतात व रोग एकाएकी वाढवितात. ती वर्ज्य मानावीत. सेलेजिलीन किंवा रासाजिलीन घेणाऱ्या रुग्णास पेथिडीन दिल्यास जीवघेणी प्रतिक्रिया होऊ शकते. मेंदूत खोलवर विद्युत् उद्दीपक बसविलेल्या रुग्णात डायथर्मी वापरू नये. उपचारानंतर एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून रुग्ण पडण्याचा संभव असतो.

सेरेब्रल पाल्सी : अनैच्छिक हालचाली, अचानक आवाजाने दचकणे, लाळ गळणे व जठरातील अन्न वर येणे या मुख्य अडचणी होत. आखडलेला अवयव बळाने सरळ करू नये. उश्यांचा आधार देऊन रुग्णास सोयीची बैठक द्यावी. पाठीचा कणा वाकडा असल्यास फुप्फुसांची क्षमता घटलेली असते. या रुग्णांपैकी अनेकांना अपस्मारही असतो. ताठरपणासाठी चालू असलेले बॅक्लोफेन अचानक बंद करणे धोक्याचे असते. बोलता न येणारा रुग्ण मंदबुद्धी असतोच असे नाही. त्याची समज पूर्ण शाबूत असू शकते, म्हणून त्याच्याशी थेट बोलून खुणांचा संकेत आधी ठरवून घेतात.

मायस्थेनिया ग्रेव्हिस : या रोगात स्नायू वापराने लवकर थकतात. म्हणून उपचार सकाळी, पिरिडोस्टिग्मीन घेतल्यावर एक-दोन तासांत व थोडक्यात उरकतात. बेंझोडायाझेपिनांमुळे श्वसन दुर्बल होत असल्याने नीलेतून शामन आवश्यकच असेल, तर ते रुग्णालयातच करावे. स्थानिक संवेदनाहरणासाठी प्रोकेनापेक्षा लिग्नोकेन पसंत करतात. कारण प्रोकेनाचे विघटन करणारे एंझाइम रोगावरील औषधाने रोखले जाते. एरिथ्रोमायसीन व जेंटामायसीन या प्रतिजैविकांनी स्नायूंची दुर्बलता वाढू शकते.

स्नायूंचे अपक्षय व प्रेरक तंत्रिकांचे रोग : यांत मध्यपटल दुबळे झालेले असल्यास आडवे होताच दम लागतो. अशा रुग्णास किती उशा घेऊन झोपावे लागते, हा साधा प्रश्नही उपयुक्त असतो. ड्यूशेन प्रकारच्या अपक्षयात सक्सिनिलकोलीन व हॅलोथेनासारखी बाष्परूप शुद्धिहारके यांनी स्नायूंचा नाश होऊन रक्तातील पोटॅशियम एकाएकी वाढते. म्हणजे फसलेल्या शामनातून रुग्णास सावरताना वापरावयाची औषधेही आधीच विचारपूर्वक ठरवावी लागतात.

मल्टिपल स्क्लेरोसिस : उष्णतेने लक्षणे तात्पुरती वाढतात, म्हणून खोली थंड ठेवतात. या रोगात चेहऱ्याच्या तंत्रिकेची तिडीक दातदुखीसारखी भासते. निदान पक्के झाल्याविना निरोगी दात काढला जाऊ नये. पक्षाघात व स्मृतिभ्रंश : नुकताच पक्षाघात झाला असल्यास तातडीचे नसलेले उपचार पुढे ढकलतात व रक्त न गोठण्यासाठीची औषधे वैद्याला विचारल्याशिवाय थांबवीत नाहीत. स्मृतिभ्रंशात अल्प मात्रेनेही गोंधळलेली अवस्था उद्‌भवून ती काही दिवस टिकू शकते.

पूर्वतयारी व देखरेख : शामनापूर्वी रोगाचे स्वरूप, शेवटचा झटका केव्हा आला, गिळताना ठसका लागतो काय, रात्री घोरणे किंवा श्वास अडणे होते काय, सर्व औषधे व त्यांच्या वेळा यांची लेखी नोंद करतात आणि रुग्णावर उपचार करणाऱ्या तंत्रिकातज्ञाचे मत घेतात. मध्यम व त्याहून खोल शामनापूर्वी हलके अन्न ६ तास व पाण्यासारखे स्वच्छ द्रव २ तास वर्ज्य असतात. कंपवातासारख्या रोगात जठर सावकाश रिकामे होते, हेही ध्यानात घेतात.

उपचार चालू असताना दंतवैद्याखेरीज दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीने केवळ रुग्णाकडे लक्ष ठेवणे आवश्यक असते. जपानमधील ताकुओ आओयागी यांच्या १९७४ च्या संशोधनातून विकसित झालेला पल्स ऑक्सिमीटर बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण सतत दाखवितो. परंतु रुग्णास जादा ऑक्सिजन दिला जात असल्यास श्वास मंदावल्यानंतरही हे प्रमाण बराच वेळ चांगले दिसते. उच्छ्‌वासातील कार्बन डाय-ऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ ही मंदी आधी दर्शवितो. म्हणून श्वसनाचे स्नायू दुबळे असलेल्या रुग्णांत त्याचे महत्त्व अधिक आहे. रक्तदाबाची नोंद, चूषणयंत्र, ऑक्सिजन, श्वसन देण्याची पिशवी व मुखवटा ही साधने जवळ असावीत. ही सोय नसेल किंवा श्वसनाची राखीव क्षमता फार कमी असेल, तर उपचार रुग्णालयात शुद्धिहरणतज्ञाच्या उपस्थितीत करणे हाच योग्य मार्ग होय.

उपचारानंतर : रुग्ण पूर्ववत झाला, याचा अर्थ तो त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या स्थितीस आला, असा घ्यावयाचा असतो. निरोगी माणसाची कसोटी त्याला लावून उपयोग नाही. सोबत जबाबदार व्यक्ती असल्याशिवाय त्यास घरी पाठवीत नाहीत. घरी पुढील मात्रा वेळेवर देणे, तोंडाची बधिरता जाईपर्यंत खाऊ न घालणे, डोके उंच ठेवणे आणि अनावर झोप, घरघर किंवा ओठांची निळसर झाक दिसल्यास तात्काळ वैद्यकीय मदत घेणे ही काळजी नातेवाइकांनी घ्यावयाची असते.

उपचार टाळण्याचे धोके : वरील धोके पाहून अशा रुग्णांचे दंतोपचारच टाळण्याकडे कल होण्याचा संभव असतो, परंतु तोही निर्धोक नाही. किडलेल्या दातांची वेदना सांगता न आल्याने काही रुग्ण अन्न सोडतात किंवा चिडचिडे होतात व त्याचा दोष मूळ रोगाला दिला जातो. अस्वच्छ तोंडातील जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरल्याने होणारा फुप्फुसशोथ गिळण्यात दोष असलेल्यांत विशेष गंभीर असतो. लांबणीवर टाकलेला साधा उपचार पुढे अनेक दात एकदम काढण्याच्या तातडीच्या शस्त्रक्रियेत परिणत होतो आणि त्या वेळी अधिक खोल शामन लागते. नियमित स्वच्छता, लवकर तपासणी, शांत वातावरण, थोड्या थोड्या वेळाच्या बैठकी व चांगले स्थानिक संवेदनाहरण यांच्या योगे बऱ्याच रुग्णांत शामनाची गरजच कमी करता येते. गरज उरल्यास कार्य साधेल एवढेच हलके शामन पुरेशा पूर्वतयारीने करणे हे सुरक्षिततेचे मुख्य सूत्र आहे.